थंडीत गाडी अडली, तर आधी कान द्या

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच सकाळी नाशिक पट्ट्यातल्या कितीतरी दारांपुढे गाड्या अडून बसतात. शेजारीपाजारी जमतात आणि निदान लगेच होतं : ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’ हे निदान पुष्कळदा बरोबर निघतं. पण नव्या बॅटरीनंतरही आठवडाभरात तीच रड सुरू झाली, तर पाच-सहा हजार रुपये पाण्यात जातात आणि खरा बिघाड जिथल्या तिथे राहतो. म्हणून काहीही बदलण्याआधी स्टार्टर मारल्यावर इंजिन कसं फिरतं, ते नीट ऐकायला हवं.

इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल किंवा नुसतंच ‘टक’ वाजून गप्प बसत असेल, तर दोष विजेच्या बाजूचा : बॅटरी, तिच्या वायरी किंवा स्टार्टर. इंजिन नेहमीच्या वेगाने खणखणीत फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. इंधन, ठिणगी किंवा सेन्सर पाहा. एवढा फरक ओळखता आला, तरी निम्मी शोधाशोध वाचते.

आधी विजेचं पाहू. शून्य अंशाला लेड-ॲसिड बॅटरीची स्टार्टर फिरवण्याची ताकद सुमारे एकतृतीयांशाने घटते. आपल्याकडे मैदानी भागात एवढी थंडी नसते, त्यामुळे धडधाकट बॅटरी इथल्या हिवाळ्यात हात टेकत नाही. ती खंगते उन्हाळ्यात. चाळीस-पंचेचाळीस अंशांत, त्यावर बॉनेटखालच्या उष्णतेत, तिच्या आतल्या जाळ्या झिजतात आणि पाणी उडतं. मे महिन्यात इंजिन ऑइल पातळ असतं, त्यामुळे अशक्त बॅटरीही वेळ मारून नेते. डिसेंबरात ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर कमी पडतो. (गाडीच्या पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असताना कुणी 20डब्ल्यू-50 ओतलं असेल, तर हा भार आणखी वाढतो.)

हे घरी तपासता येतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. मग मीटर तसाच लावून ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरीत दम उरलेला नाही. गाडी चालू झाल्यावर तो साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवा; तेवढा चढत नसेल, तर अल्टरनेटरची बाजू आधी दाखवून घ्या.

बॅटरी ठणठणीत आणि तरीही इंजिन रेंगाळतंय, तर संशय अर्थिंगवर घ्यावा. गॅरेजमध्ये ही तपासणी सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. स्टार्टर फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वीज वाटेतच वाया जातेय. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी, सैल नट किंवा चेसिसला गंजलेली वायर, यांतलंच काहीतरी सापडतं. घासून, पुसून, आवळून काम भागतं.

आणखी एक चोरवाट आहे. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम बंद गाडीतही वीज पीत असते. दोनशे मिलिअँपिअरची गळती दिवसाला जवळपास पाच अँपिअर-तास खाते. छोटी गाडी चार दिवस उभी राहिली, की तिची 35 अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरते.

आता दुसरी तऱ्हा. इंजिन छान फिरतंय, पेट घेत नाही. पेट्रोल गाडीत एक सोपी युक्ती करा : स्टार्टर न मारता चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा आणि मग स्टार्टर मारा. गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रभरात इंधनाचा दाब उतरतोय : पंपाची झडप किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. अशी गाडी मे महिन्यातही सकाळी हाच त्रास देते.

फक्त थंडीतच अडणाऱ्या गाडीत कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर पाहा. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, आणि ते किती द्यायचं हे संगणक या सेन्सरच्या सांगण्यावरून ठरवतो. सेन्सरने सकाळी आठ अंशांऐवजी सत्तर सांगितले, तर पेट्रोल अपुरं पडतं. स्कॅनर लावून, गाडी सुरू करण्याआधी, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी असली पाहिजेत. इथे फार फरक पडला, तर तपास बहुधा तिथेच संपतो.

हल्ली पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलवर पहिला आळ येतो. शुद्ध इथेनॉल थंडीत नीट वाफाळत नाही हे खरं, आणि त्यामुळे ब्राझीलच्या इथेनॉल गाड्यांना सुरू होण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी असायची. पण आपल्या मिश्रणातलं 80 टक्के पेट्रोल इथल्या थंडीत सहज वाफाळतं. बाकी सगळं तपासून होईपर्यंत हा संशय मागे ठेवा.

डिझेल गाडीत हीटर प्लग बघा. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं ते या प्लगसाठीच. एक प्लग गेला, तर गाडी सुरू होते पण पहिले काही सेकंद थरथरते आणि डिझेलच्या वासाचा पांढरा धूर टाकते. जास्त गेले, तर स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. मीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. सगळे चांगले असतील तर रिले तपासा.

कोणत्याही गाडीत स्टार्टर सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धं मिनिट थांबा, नाहीतर तोही जळेल.

आणि गॅरेजला जायची वेळ आलीच, तर गाडी अकरा वाजता चालवत नेऊ नका. गरम इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं, मेकॅनिकला दोष दिसत नाही आणि मग अंदाजाने भाग बदलले जातात. गाडी आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्टर त्यालाच मारायला सांगा.