कोळसा लांबचा, पाणी उसने

आपल्या चाकुरात डीपी जळाला की लोक आजही ‘एमएसईबी’लाच फोन लावतात. 20 जून 1960 ला स्थापन झालेल्या या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या 2005 च्या जूनमध्ये वेगळ्या कंपन्या झाल्या. वीज तयार करायची महानिर्मितीने, वाहून न्यायची महापारेषणने आणि घरोघर द्यायची महावितरणने. बिल तिसरीचे येते, म्हणून सगळ्यांना ठाऊक तीच.

आपल्या भागापुरती मंडळाची खरी गोष्ट मात्र परळीच्या ‘थर्मल’ची, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची. 1971 मध्ये तिथे 30 मेगावॅटचा पहिला संच लागला, मागोमाग तेवढाच दुसरा. 1980 च्या दशकात 210 चे तीन आले, 2007 पासून 250 चे तीन. मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. कोळसा यायचा तेलंगणातल्या सिंगरेणीहून, विदर्भातून. विकाराबाद-बीदर-उदगीर ही निजामाच्या काळातली लाईन आपल्याच तालुक्यातल्या लातूर रोड जंक्शनवरून घाटनांदूरमार्गे परळीला जाते. कोळशाच्या एका रेकला अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, माल पावणेचार हजार टनांच्या आसपास. केंद्रात टिपलर हे यंत्र भरलेली वाघीण जागच्या जागी धरून उलटी करते. 210 चा एकच संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला जवळपास अख्खी रेक फस्त करतो आणि वर हजारभर टन राख मागे ठेवतो.

कोळसा निदान रुळांवरून आणता येतो. बॉयलरमधल्या वाफेवर टर्बाईन फिरते, पण ती वाफ पुन्हा थंड करायला लागणारे बरेच पाणी कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जाते. परळीची तहान भागते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यावर. बंधारा आटला आणि फेब्रुवारी 2013 मध्ये सगळे केंद्र थांबले. 2015 च्या दुष्काळात पुन्हा तेच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. त्याच वर्षी परळीचा आठवा संच सुरू झाला!

आता जुने पाच संच बंद आहेत. उरलेले तीन मिळून 750 मेगावॅटचे. तेही कायम चालतील असे नाही, कारण ज्याची वीज स्वस्त त्याची आधी घ्यायची, असा नियम आहे. लांबून आणलेल्या कोळशाचे भाडे चढले की परळीची वीज महाग पडते आणि मागणी घटताच संच थांबवावा लागतो.

मागास भागाला मोठा प्रकल्प हवा, ही मागणी रास्तच होती; परळीत त्या प्रकल्पावर कित्येक घरे उभी राहिली. पण दोन दुष्काळांनंतरही पाण्याची कायमची सोय न करता आणखी संच सुरू करणे, हा शहाणपणा नव्हता.