मेंढ्या राखणारा पोरगा आणि त्याचा घोडा

येलदरीहून बोलतोय. आमच्याकडं रानं मोकळी झाली की धनगरांचे वाडे उतरतात. मेंढ्यांमागं घोडी, घोडीवर अख्खा संसार, वर एखादं कोकरू. आजचा माणूस त्याच वाटेवरचा, मल्हारराव होळकर.

जन्म १६९३, जेजुरीजवळचं होळ गाव. वडील लवकर गेले. खानदेशात तळोद्याला मामाकडं मेंढ्या राखल्या, तिथूनच घोडदळात शिरले.

हे घोडे उंच अरबी नव्हते बरं का. भीमेच्या थडीचे, म्हणजे काठचे, म्हणून भीमथडी. बुटके, काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारे. फायदा काय? १७२८ ला निजामाकडं जड तोफा होत्या, बाजीरावांकडं नुसता वेग. मल्हारराव त्या फौजेत होते. वैजापूरजवळ पालखेडला निजामाचं दाणापाणी तोडलं आणि मोठी लढाई न होताच तो तहाला आला. आपल्याच मराठवाड्यात!

पुढं माळवा, इंदूर, १७५८ ला थेट लाहोर. १७६१ ला पानिपतावरून मात्र ते निघून गेले. 'पळाले' म्हणणारे आजही भेटतात. मला हे एवढं सोपं वाटत नाही. बायका-मुलं, जड सामान मागं ठेवून गनिमी काव्यानं लढा, असं त्यांचं म्हणणं होतं. सदाशिवरावभाऊंचा भरवसा तोफांवर होता.

१७६६ ला आलमपूरला ते वारले. गंमत बघा, आदल्याच वर्षी त्यांनी सुनेला पत्र लिहिलं होतं: तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडं निघा. सून म्हणजे अहिल्याबाई. त्यांच्यावर पुढचा एपिसोड.