वेधशाळा, मामा आणि आमची छत्री

‘सिमला ऑफिस!’ अशी आरोळी कंडक्टरने ठोकली, की पुण्यात नव्याने आलेला पाहुणा हमखास चमकतो. शिवाजीनगरच्या उन्हात सिमला कोठून आले?

त्याची हकीकत अशी. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे पुढे सिमल्याच्या थंड हवेत होते, ते १९२८ साली पुण्यास आले. मुख्य कचेरी यथावकाश दिल्लीस गेली, पण दगडी इमारत मागे राहिली, तिच्यातले हवामानाचे काम चालू राहिले आणि पुणेकरांच्या जिभेवर सिमल्याचे नावही राहिले. गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि जाता-येता या इमारतीवरून जातो. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे मी तिच्याकडे पाहून मनातल्या मनात हसत असे.

कारण आमच्या घराण्यात एक विनोद वंशपरंपरेने चालत आला आहे. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, आणि आकाश निरभ्र राहील म्हटले की रेनकोट चढवून निघावे! हा विनोद वडिलांनी माझ्या स्वाधीन केला. मी तो स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे चालवला. माझ्या मुलीने तो शाळेत नेला. वाचकहो, आपल्याही घरात तो असेलच. मराठी मध्यमवर्गाच्या घरात पाटा-वरवंटा राहिला नसेल, पण हा विनोद शाबूत आहे.

या विनोदापायी माझ्या हातून एकदा घरचा माणूस जायचा होता. दिवाळीच्या फराळाबरोबर ही गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. ‘सांगा,’ असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. ‘दुसऱ्यांवर विनोद करणाराने एकदा स्वतःवरही करावा.’

माझे धाकटे मामा श्रीवर्धनला असतात. समुद्रापासून फार लांब नाही असे कौलारू घर, पुढे ओटी, मागे विहीर आणि तिच्यामागे सुपारीची वाडी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव खाणाऱ्यांना सांगावे लागत नाही. वाडी आजोबांच्या हातची. लहानपणी मे महिन्यात आम्ही भाचरे तिथे जात असू, तेव्हा भर दुपारी बारा वाजतासुद्धा वाडीत ऊन जमिनीवर पडत नसे. वर इतका हिरवा मांडव!

२ जून २०२० ची संध्याकाळ. करोनाचे दिवस होते. मामांचा फोन आला.

‘अरे, तुमचं ते खातं म्हणतंय, उद्या दुपारी अलिबागच्या आसपास वादळ किनाऱ्याला लागणार. नगरपालिकेची माणसं सांगून गेली, शाळेत चला म्हणून. तिथं गर्दी, त्यात हा रोग. तू शिकलेला, ते ऑफिस तुझ्या वाटेवरचं. काय करू, जाऊ का?’

आणि मी, मराठीचा एम. ए., वेधशाळेचा शेजारी, काय म्हणालो?

‘मामा, वेधशाळेने अलिबाग सांगितलं ना? मग वादळ ओमानला जाणार. खुशाल झोपा!’

मामा मनमुराद हसले. ‘मी म्हटलंच होतं हिला,’ म्हणाले. सत्तरी उलटलेल्या माणसाने आपल्या आयुष्यात असे वादळ दारात पाहिलेले नव्हते, ओटी सोडायची इच्छा नव्हती, आणि रोगाची धास्ती खरी होती. अशा माणसाला हवे होते ते निमित्त मी दिले.

वादळाला नाव होते ‘निसर्ग’. हिंदी महासागराच्या उत्तर भागातील वादळांना द्यायची नावे तेरा देशांनी मिळून ठरवली आहेत. त्या नव्या यादीतले हे पहिलेच नाव, बांगलादेशाने सुचवलेले. वर्तमानपत्रात वाचून भाषेचा अध्यापक म्हणून मी खूशही झालो होतो. ३ जूनला दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर चढला. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. खात्याने दिवस बरोबर सांगितला होता, वेळ बरोबर सांगितली होती, जागाही बरोबर सांगितली होती. चुकलो होतो तो मी.

दुपारनंतर पुण्यातसुद्धा वारा घोंगावू लागला. आमच्या गल्लीतला गुलमोहर आडवा झाला. मी श्रीवर्धनला फोन लावला. लागला नाही. रात्री लावला. लागला नाही. कोकणातले विजेचे खांब पडले होते, फोनचे मनोरे मुके झाले होते. जिल्ह्याबाहेर जायला परवाना लागे. त्या चार दिवसांत जेवताना घास गिळताना मला माझेच वाक्य ऐकू येई : ‘खुशाल झोपा.’

पाचव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून मामींचा आवाज आला.

‘आम्ही आहोत रे. मी सकाळीच पिशवी भरून ठेवली होती, पण हे उठेनात. भाचा म्हणतोय येत नाही, म्हणे! मग तो नगरपालिकेचा मुलगा पुन्हा आला. पोरगेलासा आहे, पण यांचा हात धरून उठवलंन आणि शाळेत नेऊन बसवलंन. माड ओटीवर पडला, बाबा. यांची बाज असते ना, बरोबर तिथं.’

मामी रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या रागावल्या नाहीत. ‘तू काळजी करू नकोस’, असे वर म्हणाल्या.

परवाना मिळवून मी गेलो, तेव्हा ओटीवर ताडपत्री होती. मामा मला मागे घेऊन गेले. वाडीत लख्ख ऊन पडले होते. पोफळी काही मुळासकट उपटलेल्या, बऱ्याचशा मधोमध काडीसारख्या मोडलेल्या. आजोबांनी लावलेल्या वाडीत मी प्रथमच मान वर करून आभाळ पाहिले. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. मामा एवढेच म्हणाले, ‘फार उजेड झाला रे.’

परत आल्यावर मी माझ्या विषयाबाहेरची पुस्तके उघडली. शास्त्राच्या प्राध्यापक मित्रांना चहा पाजून प्रश्न विचारले. जे समजले ते माझ्या भाषेत सांगतो.

वादळाचे इंधन म्हणजे समुद्राची ऊब. समुद्राचे वरचे पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असावे लागते. त्याची वाफ वर जाते, वर गार होऊन तिचे ढग होतात, आणि वाफ होताना पाण्याने घेतलेली उष्णता ढग होताना परत मिळते. त्याने हवा आणखी चढते, खाली दाब कमी होतो, भोवतालचा वारा तिकडे धावतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरळ न जाता गरगरतो. बंगालच्या उपसागराला हे रोजचे दुखणे. तिकडे चार वादळे झाली तर आमच्या अरबी समुद्रात एक, असा जुना हिशेब होता. मामांच्या निर्धास्तपणाला तो आधार होता.

पण हिशेब बदलला आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन कालखंड ताडून पाहिले. दुसऱ्यात अरबी समुद्रातील चक्रीवादळे सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली होती. समुद्र तापतो आहे, आणि तापवणारे आपणच आहोत. कोळसा आणि तेल जाळून जो कार्बन डायऑक्साइड आपण सोडतो, तो पृथ्वीची उष्णता गोधडीसारखी अडवून धरतो, आणि अडलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ सालापासून या वायूचे मोजमाप होत आले आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, तो आता ४२० च्या पलीकडे गेला आहे. अमुक एक वादळ माणसाने आणले, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. पण शकुनीचे फासे आठवा. एखादे दान नुसत्या नशिबानेही पडू शकते. प्रश्न फासे कोणी भारले याचा असतो. इथे ते आपणच भारले आहेत.

‘पण उद्याचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचे काय सांगणार?’ हा आमच्या स्टाफरूममधला पेटंट सवाल. यालाही उत्तर आहे. एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली यंत्राला ०.५०६१२७ या आकड्याऐवजी नुसता ०.५०६ दिला, तर काही काळाने सारे हवामानच निराळे निघाले. सुरुवातीची केसाएवढी चूक पुढे डोंगराएवढी होते. म्हणून तुमच्या गल्लीत उद्या चार वाजता सर येईल की नाही हे सांगणे दुर्घट. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. पण वर्गातला कोणता मुलगा उद्या दांडी मारील हे मला सांगता येत नसले, तरी गणपतीच्या आदल्या दिवशी अर्धा वर्ग ओस पडणार हे मी छातीठोकपणे सांगतो ना? सरींचे शास्त्र पहिल्यासारखे आणि तापत्या हवेचे दुसऱ्यासारखे. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने हा वायू वाढला की पृथ्वी तापेल, असा हिशेब १८९६ सालीच मांडला होता. म्हणजे हा इशारा आपल्या दारावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ थाप मारतो आहे. आणि आपण त्यालाही म्हणत आलो, ‘ओमानला जाणार, खुशाल झोपा.’

चेष्टेला निमित्त मिळाले नव्हते असे नाही. १८९९ साली मान्सूनचा अंदाज चांगल्या पावसाचा होता, आणि पडला भीषण दुष्काळ. पण खाते खचून बसले नाही. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती प्रमुख झाला. त्याने जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे ताडून पाहिले आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे दाखवून दिले. आजही जगभर मान्सूनचा विचार त्याच्या या शोधावाचून होत नाही. चुकल्यावर पुन्हा मोजायला बसणे, हा त्यांचा बाणा. चुकल्यावर हसणे, हा आमचा.

अंदाजाचा अर्धा भाग सांगणाऱ्याचा, अर्धा ऐकणाऱ्याचा. ओडिशाचे पाहा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेही ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाचे. त्या वेळी दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच सुरक्षित जागी हलवली होती, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या काळात उपग्रह आणि गणकयंत्रे सुधारली, निवारे बांधले गेले, हे खरेच. पण दहा लाख माणसे घराला कुलूप लावून उठली, हेही तितकेच खरे. कोणाच्या तरी शहाण्या भाच्याने त्यांना फोनवर विनोद ऐकवला नसावा!

‘बाबा, मग आपण काय करायचं?’ मुलीने विचारले. आपली बहुतांश वीज कोळशातून येते, हे मी तिला सांगितले. तेव्हापासून ती रिकाम्या खोलीतला पंखा पाहिला की माझ्याकडे असा कटाक्ष टाकते, की मीच उठून बंद करतो. एका पंख्याने समुद्र निवणार नाही, हे तिलाही कळते. पण थट्टा सोडून ऐकायला लागलेले घर उद्या मत देताना, गाडी घेताना, आपल्या शहराकडे मागणी करताना निराळे वागेल, अशी मला आशा आहे.

मामांनी त्याच पावसाळ्यात रोपे लावली. ‘या वयात?’ असे कोणी तरी म्हणाले. मामा म्हणाले, ‘आधीची तरी मी कुठं लावली होती?’ गेल्या दिवाळीला आम्ही गेलो, तेव्हा वाडीत पुन्हा थोडी सावली धरली होती. नगरपालिकेचा तो मुलगा फराळाला आला होता. मामींनी त्याला पहिले ताट दिले, मला दुसरे. मला ते योग्यच वाटले.

मामा मात्र विचारायचे थांबलेले नाहीत. आभाळ जरा भरून आले, समुद्र जरा गाजला, की फोन येतो : ‘काय रे, तुझं सिमला ऑफिस काय म्हणतंय?’

मी चष्मा लावतो आणि खात्याचे निवेदन अक्षरशः वाचून दाखवतो. त्यात माझा एकही शब्द घालत नाही.