खुरातल्या जंतूचं वाण

पाऊस कोकणात उतरायच्या आत धनगरांचे वाडे घाट चढून कोरड्या माळावर परततात. मेंढीला ओल सोसत नाही. खुरांच्या बेचक्यातली कातडी सतत भिजून मऊ पडली की तिथे जंतू शिरतात, खुराचं कवच आतून सुटत जातं, घाण वास येऊ लागतो. शेवटी मेंढी पुढचे गुडघे टेकून चरते. ते पाहवत नाही.

हे लाळ्या खुरकूत नव्हे. तो विषाणूचा रोग. खूर सडवणारा हा जिवाणू आहे, डायकेलोबॅक्टर नोडोसस. विल्यम बेव्हरिज यांनी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याला पकडलं. खुराबाहेर, कुरणात तो फार दिवस टिकत नाही. इतका नाजूक जंतू, मग तो हटत का नाही?

एक कारण त्याच्या अंगावर आहे. या जिवाणूला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि मेंढीची प्रतिकारशक्ती त्याला त्या तंतूंवरून ओळखते. तंतूंच्या जनुकांतल्या फरकामुळे त्याचे दहा गट पडतात: ए ते आय आणि एम. बी गटाची लस ई गटापुढे निकामी. बरं, एकाच कळपात, कधी एकाच खुरात, अनेक गट नांदतात. मग सगळे गट एकाच लशीत का घालू नयेत? घालतात, पण त्या गटांची मेंढीच्या शरीरात आपसातच स्पर्धा लागते आणि संरक्षण जेमतेम दहा-बारा आठवडे टिकतं.

जंतू किती घातक, हे मात्र तंतूंवर ठरत नाही. ते ठरतं खुराचं प्रथिन कातरणाऱ्या एका विकरावर. घातक आणि सौम्य जंतूंच्या या विकरात फरक एकाच अमिनो आम्लाचा, म्हणजे जनुकातल्या दोन अक्षरांचा! आठ देशांतल्या १०३ नमुन्यांचे जनुकसंच तपासले तेव्हा (२०१४) जगभरच्या जंतूंची दोनच मोठी घराणी निघाली, एक घातक आणि एक सौम्य. तंतूंचे गट मात्र दोन्हीकडे विखुरलेले. हा जिवाणू भोवतालचा डीएनए उचलून आपलासा करतो, त्यामुळे घराणं तेच राहून अंगरखा बदलू शकतो. म्हणून मला वाटतं, ‘खूर सडलंय’ एवढं निदान अपुरं आहे. कुठलं वाण, हे कळायलाच हवं.

ते कळल्यावर काय घडतं, हे नेपाळने दाखवलं. पश्चिम नेपाळातले मेंढपाळ उन्हाळ्यात कळप उंच कुरणांवर नेतात, थंडीत खाली आणतात. आपल्या वाड्यांसारखंच फिरतं जिणं. सिडनी विद्यापीठाचे जॉन एगर्टन आणि नेपाळी पशुवैद्यांनी तिथले नमुने तपासले. घातक जंतू बी आणि ई या दोनच गटांचे निघाले. तेवढ्या दोन गटांची लस बनवून कळपांना टोचली आणि घातक रोग त्या भागातून गेला. भूतानमधल्या साथीत तर एकट्या बी गटाची लस पुरली. कळप कुठे बांधून ठेवावे लागले नाहीत, की सरसकट मारावे लागले नाहीत.

काश्मीरमधल्या संशोधकांनाही तिथल्या मेंढ्यांत बी गटच सर्वाधिक आढळला आहे. पण म्हणून दख्खनी मेंढीच्या खुरातही तोच असेल, असं धरून चालणार नाही. वाडे शेकडो मैल चालतात, बाजारात जनावरं घेतात-विकतात, परक्या कळपांसोबत एकाच पाणवठ्यावर थांबतात. त्यांचे नमुने त्यांच्याच खुरांतून घ्यायला हवेत. काम अवघड नाही: कापसाचा बोळा लावलेली काडी बेचक्यातून फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. फक्त ती मोरचुदाच्या पाण्यात खुरं बुडवण्याआधी फिरवायची. नंतर जंतू हाती लागेलच असं नाही.