पात्याआधी आस पाहा
ईरी सरोवराकाठच्या बफेलोत पिकअपला बर्फ लोटायचं पातं घेताना गिऱ्हाईक आधी रुंदी विचारतं. खरं तर आधी वाचावा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा, पुढच्या आसाची भारमर्यादा सांगणारा स्टिकर. काही शे किलोंचं पातं चाकांच्या पुढे लटकतं. तरफेच्या नियमाने आसावर त्याच्या वजनाहून जास्तच भार पडतो आणि मागची चाकं हलकी होऊन घसरतात. मागे वाळूची पोती टाकली की झालं, असं म्हणतात. ती हवीतच, मागच्या आसाच्याही मागे. पण त्यांनी एकूण वजन वाढतं, आणि त्यालाही मर्यादा आहेच. रुंदीचा आग्रह अगदीच चुकीचा नाही: 7.5 फुटी पातं 30 अंशांत तिरकं केलं की जेमतेम 6.5 फूट साफ होतं. तरी घरापुढच्या वाटेला हलकं, सरळ पातं पुरे. व्ही आकाराचं महागडं पातं कंत्राटदारांना लखलाभ.