परदेशांतील आप्ताचें दुखणें आणि घरची माहिती

घरचें माणूस परदेशीं आजारी पडलें म्हणजे आपल्या कुटुंबांत दोन गोष्टी तांतडीनें होतात. पैशाची तजवीज होते आणि देवाला नवस बोलला जातो. तिसरी गोष्ट मात्र बहुधा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. ती म्हणजे त्या माणसाच्या देहाचा पूर्वेतिहास तेथील डॉक्टरांपुढें नीट मांडणें. निदान करणें हें डॉक्टरांचें काम, त्यांत आपण हजारों मैलांवरून काय करणार, अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत किती महाग पडूं शकते हें पाहावयाचें असेल तर गणिती श्रीनिवास रामानुजन् यांच्या दुखण्याची हकीकत वाचावी. त्यांच्या प्रमेयांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दुखण्यावर त्या मानानें थोडें.

रामानुजन् १९१४ च्या एप्रिलमध्यें इंग्लंडला पोंचले तेव्हां त्यांचें वय २६ होतें. कुंभकोणमच्या सनातनी घरांतला हा मुलगा. मांसाहार वर्ज्य, आणि केंब्रिजमध्येंहि स्वयंपाक स्वतःच्या हातचा. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि पथ्याचे पदार्थ मिळणें दिवसेंदिवस कठीण होत गेलें. १९१७ च्या वसंतांत त्यांनीं अंथरूण धरलें. पोटांत दुखे, रात्रीं ताप चढे, वजन उतरत चाललें. डॉक्टरांनीं प्रथम जठरांतील व्रण ठरविला. पुढें क्षय ठरला, आणि क्षय म्हटल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणें मोकळ्या, थंड हवेच्या आरोग्यभवनांत रवानगी झाली. आधीं मेंडिप टेकड्यांत, मग डर्बीशायरमधील मॅटलॉक येथें. दक्षिणेंतल्या उष्ण हवेंत वाढलेल्या माणसाला ती थंडी कशी सोसली असेल!

नंतर लंडनच्या डॉ. बॅटी शॉ यांना एक नवी गोष्ट कळली. रोग्यावर पूर्वीं हिंदुस्थानांत एक शस्त्रक्रिया झालेली होती, आणि ती इतर डॉक्टरांना ठाऊक नव्हती. वस्तुतः ती १९१० सालीं झालेली अंडवृद्धीवरची साधी शस्त्रक्रिया होती. परंतु ती नेमकी कशाची होती हें सांगणारें तेथें कोण होतें? तेव्हां ती गांठ मारक असावी आणि तिचें विष आतां यकृतांत उतरलें असावें, अशी शंका त्यांनीं घेतली. महिने लोटले, आणि तीहि शंका मागें पडली. कुंभकोणमहून आलेल्या चार ओळींच्या पत्रानें जो उलगडा झाला असता त्यासाठीं लंडनच्या नामांकित डॉक्टरांना तर्क लढवावे लागले.

तें पत्र कां आलें नाहीं? सासूसुनेचें पटत नव्हतें. आपलीं पत्रें सासूबाई अडवीत, असें रामानुजन् यांच्या पत्नी जानकी-अम्माळ यांनीं पुढें सांगितलें. तिकडे रामानुजनांचेंहि घरीं लिहिणें कमी होत गेलें. एकत्र कुटुंबांतील धुसफूस माजघरापुरतीच राहते असें मानणाऱ्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. घरच्या माणसाची जागा घेतली ती एका मित्रानें. रामलिंगम् नांवाच्या, इंग्लंडांतच असलेल्या गृहस्थांनीं १९१८ च्या जूनमध्यें मॅटलॉकला जाऊन रोग्याची भेट घेतली, आणि त्याच्या अन्नाविषयीं व प्रकृतीविषयीं प्रोफेसर हार्डींना सविस्तर पत्र लिहिलें. असा एक मनुष्य जवळपास असणें हें मोठें भाग्य होय.

१९१९ सालीं रामानुजन् परतले. मद्रासेसहि क्षयाचेंच निदान झालें, आणि २६ एप्रिल १९२० रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पुढें १९९४ सालीं डॉ. डी. ए. बी. यंग यांनीं सर्व उपलब्ध पत्रें व नोंदी पुन्हां तपासल्या आणि हा क्षय नसून आमांशाच्या जंतूंमुळें झालेला यकृताचा विकार असावा, असें मत मांडलें. १९०६ सालीं मद्रासेस शिकत असतां रामानुजनांना आमांश झालेला होता, आणि हे जंतु वर्षानुवर्षें शरीरांत निमूट राहून मग यकृतांत उठाव करूं शकतात. हें अनुमानच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. परंतु मनाला चटका लावणारी बाब अशी कीं, या विकारावर एमेटीनच्या टोंचणीचा उपचार सर लिओनार्ड रॉजर्स यांनीं कलकत्त्यास १९१२ सालींच प्रचारांत आणला होता. जानकी-अम्माळ त्याच १९९४ सालीं वारल्या.

आतां टपालाची वाट पाहावी लागत नाहीं. मुलाचें तोंड रोज पडद्यावर दिसतें. पण आपण विचारतों काय? “बरा आहेस ना?” आणि तो म्हणतो, “बरा आहे.” लहानपणीं त्याला कावीळ झाली होती कीं विषमज्वर, हें त्याच्या आईला किंवा काकूला ठाऊक, त्याला स्वतःला नाहीं. आपल्याकडे बहुतेक मुलांना जन्मतःच बी.सी.जी.ची लस टोंचतात, अमेरिकेंत ती सरसकट टोंचीत नाहींत. तिच्यामुळें क्षयाची कातडीवरील चांचणी फसवी निघूं शकते, रक्ताची चांचणी मात्र तिनें बिघडत नाहीं. घरून पाठविलेलीं भस्में व चूर्णें डॉक्टरांपासून लपविण्याची तर आपल्याकडे जणुं रीतच आहे. कांहीं भस्मांत शिसें सांपडलेलें आहे, आणि शिशाच्या विषबाधेनेंहि पोट दुखतें व रक्त कमी होतें. डॉक्टरांना हें सांगितलेंच नाहीं तर त्यांनीं तें ओळखावें कसें?

म्हणून घरांतील वडील माणसांनीं एकत्र बसून लहानपणापासूनचीं दुखणीं, शस्त्रक्रिया, लशी, घेतलेलीं औषधें आणि घराण्यांतले रोग सालवार लिहून काढावे. सध्यांचें दुखणें कोणत्या महिन्यांत कशानें सुरू झालें तेंहि लिहावें. आपला तर्क मात्र त्यांत घुसडूं नये. सज्ञान रोग्याची माहिती तिकडील डॉक्टर आप्तांना सहसा त्याच्या संमतीवांचून देत नाहींत, तेव्हां अशी लेखी संमति आधींच घेऊन ठेवावी, म्हणजे शंका असल्यास येथील डॉक्टरांकडून दुसरें मत घेणें सुलभ होतें. गांठीचा तुकडा काढून तपासला असेल तर नुसता अहवाल न मागतां तपासणीच्या कांचपट्ट्याहि मागाव्या. आणि घरच्या टिपणाची एक प्रत रोग्याजवळ असूं द्यावी. डॉक्टर बदलले कीं तीच त्यांच्या हातीं देतां येते.