जुन्या बुलेटचे अडखळणारे एंजिन : निदानाची एक रीत

‘पान’ आणि ‘कान’ ह्या जोडीत बाकी सर्व तसेच ठेवून एकच ध्वनी बदलावयाचा व अर्थ पालटतो की काय हे पाहावयाचे, ही रीत आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. जुन्या मोटारसायकलचे अडखळणारे एंजिन तपासताना नेमकी हीच रीत लागू पडते. प्लग, पॉइंट आणि जेट एकाच दुपारी बदलले तर गाडी कदाचित सुधारते. पण कशाने सुधारली हे कळत नाही, आणि खरा दोष दबून राहतो.

उदाहरणादाखल पॉइंट व कंडेन्सरवर चालणारी ३५० ची बुलेट घेऊ. इंग्लंडातील रेडिच येथील मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या सहकार्यातून १९५५ साली मद्रास येथे ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन झाली, तिची ही गाडी. सिलिंडर एकच आणि स्ट्रोक चार, म्हणून क्रँकच्या दर दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. मिनिटास हजार फेरे धरले तर सेकंदाला सुमारे आठ स्फोट झाले. त्यांतील एखादा चुकला तरी कानास जाणवतो, कारण ती उणीव भरून काढावयास दुसरा सिलिंडर नाही.

गॅरेजांतून ह्या चुकण्यास ‘मिसिंग’ म्हणतात. इंग्रजी कृदन्ताचे मराठीत सरळ नाम झाले आणि त्यास ‘मारणे’ हे आपले क्रियापद जोडले गेले : ‘गाडी मिसिंग मारते’. शब्द सोयीचा खरा, परंतु तो लक्षण सांगतो, कारण नव्हे. म्हणून चांगला मिस्त्री पुढचा प्रश्न विचारतो तो ‘कधी?’ हा. भाषेतल्याप्रमाणे येथेही घटकाचे मूल्य त्याच्या परिसरावरून ठरते.

गाडी थंड असताना ठीक चालते आणि तापल्यावर चुकू लागते, असे असेल तर संशय प्रथम कॉइल व कंडेन्सर यांवर घ्यावा. पॉइंट उघडताच कॉइलमधील प्रवाह झटक्यासरशी तुटला पाहिजे; कंडेन्सर हे काम साधतो. तो निकामी झाला की पॉइंटांमध्येच निळसर-पांढरी ठिणगी उडत राहते, त्यांचे पृष्ठ जळते आणि प्लगकडे जोर उरत नाही. पॉइंटांतील फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. पॉइंटाची टाच झिजत गेली की ही फट कमी होते व पॉइंट उशिरा उघडतात. म्हणजे टायमिंगला कोणी हात लावलेला नसतानाही ते मागे सरकते. पुष्कळ वेळा कार्बोरेटरच्या माथी मारला जाणारा दोष हाच असतो.

काही किलोमीटर गेल्यावर गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालते, हे तर झाकणातील हवेचे छिद्र बुजल्याचे लक्षण. ते साफ केले की काम झाले.

कार्बोरेटरचे निदान ॲक्सिलरेटर किती पिळला ह्यावर अवलंबून आहे. अगदी कमी पिळ असताना पायलट जेट, मधल्या पट्ट्यात सुई, आणि शेवटच्या चतुर्थांशात मुख्य जेट इंधन ठरवितो. चोक थोडा ओढल्यावर एंजिन सुधारले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. बिघडले तर ते जास्त आहे. काळा, कोरडी काजळी धरलेला प्लग जास्त पेट्रोलाचा, आणि तेलाने ओला झालेला प्लग रिंगांच्या किंवा व्हॉल्व्ह-गाइडांच्या झिजेचा सूचक होय.

पेट्रोल कमी पडणे हा दोष अधिक धोक्याचा, कारण त्याने एंजिन तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्यापर्यंत वा पिस्टन धरण्यापर्यंत मजल जाते. २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र पोहोचल्यामुळे हा प्रश्न जुन्या गाड्यांच्या मालकांसमोर नव्याने उभा आहे. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलास केवळ ९. अर्थात जुन्या जेटांतून तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण विरळच ठरते. सुई एक खाच वर घेऊन पाहावे, आणि पूर्ण पिळावरही तीच तक्रार असेल तरच मुख्य जेट एक क्रमांक मोठा घालावा. तत्पूर्वी पेट्रोलची जुनी रबरी नळी मात्र बदलून घ्यावी. इथेनॉलने ती फुगते, तिचे कण सुटून जेटात अडकतात, आणि मग नवा जेट घालूनही मिसिंग जात नाही.